अळवाखालचं पाणी

एका कानात बाहेरचा समुद्र,
दुसऱ्यात आतला, प्रवाळाच्या कुंपणातला.
मधे आम्ही, चारशे पावलं रुंद.
पायांखाली गोड पाणी,
खाऱ्यावर तरंगणारं, दुधावरच्या सायीसारखं.
ते फार ढवळायचं नसतं.

त्या सायीपर्यंत पणज्यानं खड्डा खणला,
शिंपल्यांनी, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं,
कारण कडेला अजून शिंपल्याएवढे ओरखडे आहेत.
खड्ड्यात बाबाई.
अळूच ते, पण माझ्याहून उंच;
एका पानाखाली दोन मुलं भर पावसात
कोरडी शाळेत पोचतात.
कंद पाच वर्षं पोसायचा, कधी दहा.
लग्नात लोक आधी कंद बघतात,
मग नवरी.

अळवावरचं पाणी टिकत नाही, हे कुणीही सांगेल.
आमचं सगळं अळवाखालच्या पाण्यावर होतं.

बुंध्याभोवती बिनबुडाची टोपली विणायची
आणि तिच्यात पाला भरायचा.
कोणता, ते सांगायचं नसतं.
माझ्या वडिलांनी, ताबोकाईंनी, मला सांगितलं
पहाटे, अंधारात,
वारा कुठून येतोय ते आधी बघून,
कारण हाकेच्या अंतरावर बिरिमाकाचा खड्डा.
मासे, माडी, जाळं, मयताला खांदा,
तीन पिढ्या आमची देवाणघेवाण.
पाला सोडून.

मग फेब्रुवारीतली ती भरती.
लाट नव्हती. वाराही नव्हता, ऊन होतं.
पाणी नुसतं उठलं आणि आत आलं,
घरचं माणूस येतं तसं, काही न विचारता.
दुसऱ्या दिवशी गेलंही.
महिन्यानं पानांच्या कडा पिवळ्या,
दोन महिन्यांनी कंदात बोट रुततं.
वडिलांनी माझ्या मुलीच्या लग्नासाठी लावलेला
मी वासावरून शोधून उपटला.

तरावाहून जहाज आलं, तांदळाची पोती घेऊन.
तांदूळ चांगला असतो.
पेरला तर उगवत नाही, एवढंच.
शेतीखात्याच्या पोरीनं खड्ड्यात यंत्र बुडवलं,
आकडा वहीत लिहिला,
बिरिमाकाकडचा आकडाही लिहिला,
तो माझ्यापेक्षा लहान होता. मी वाकून पाहिलं.

त्याच रात्री तो आला.
केवड्याच्या पानात गुंडाळलेला एक कोंब
दाराशी ठेवला, तंबाखू मागितली,
आणि बराच वेळ विझल्या चुलीकडे बघून
बोटं उघडायला लागला:
"कौरा, पिवळ्या फुलांचा, कोवळा नको.
उरीची पानं, वाळलेली.
नीरफणसाची, काळी पडलेली."
चौथं बोट मिटूनच राहिलं.
हात थरथरत होता त्याचा.

मी माझं चौथं उघडलं.
"रेन," म्हटलं. "किनाऱ्यावरची, करड्या लवेची."
तो माझ्या बोटाकडे बघत राहिला,
मग स्वतःच्या.
"रेन," तो म्हणाला.

इतक्या पहाटा! इतका वारा तपासलेला!
हसता हसता त्याला ठसका लागला,
तेरेइता उठून बाहेर आली,
तिला वाटलं कुणीतरी गेलं.

आता चारही नावं शाळेच्या भिंतीवर आहेत, खडूनं.
मुलं पाढ्यांसारखी म्हणतात, तशीच विसरतातही.
खड्ड्यांच्या कडा आम्ही मिळून उचलल्या,
गुडघाभर, प्रवाळाच्या दगडांनी.
काही कोंब फुटक्या होडीत लावलेत,
काही निळ्या पिंपात, पावसाच्या पाण्यावर.
पुढची भरती गुडघ्याला मानते का, बघू.
बिरिमाका म्हणतो मानेल. मी काही म्हणत नाही.

परवा मनेआबात पहिले कंद मापले.
एकच कोंब, एकच पाला,
एकाच दिवशी मातीत गेलेले.
त्याचा माझ्यापेक्षा वीतभर जास्त भरला.

पाचवं काहीतरी आहे.
मी पुन्हा पहाटे उठायला लागलोय,
वारा बघतो,
आणि त्याच्या खड्ड्याच्या बाजूला
तोंड करून बसतो.